दारावरची करवत आणि चौकटीतले इंद्रजाल : चाळीतील एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतील एका बीडीडी चाळीत राहणाऱ्या कुटुंबाच्या घरी हे प्रकरण घडले : दारावर टांगलेली करवत माशाची करवत आणि चौकटीत बसवलेले इंद्रजाल वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतात, हे घर बदलताना त्यांच्या लक्षात आले. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वस्तू, निर्णयांचा क्रम आणि कायद्याच्या बाबी मात्र घडल्या तशाच मांडल्या आहेत. प्रस्तुत लेखकाचा यातील सहभाग घरातील जुन्या वस्तूंच्या नोंदी करून देण्यापुरता होता. कायद्याचा सल्ला कुटुंबाने वकिलांकडून घेतला.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या या चाळींतील खोली साधारण १६० चौरस फुटांची असते. पुनर्विकासात त्याच भाडेकरूला ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते. त्यामुळे घर बदलणाऱ्यांना जागेची चिंता नसते. नव्या रंगवलेल्या भिंतींना जुने काही शोभत नाही, ही त्यांची अडचण असते. चाळीच्या जिन्याखाली त्या महिन्यांत जमलेला भंगाराचा ढीग पाहिला असता, किती घरांनी हा प्रश्न चटकन सोडवून टाकला होता ते कळत होते.

या घरातील वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, मूळचे मालवणकडचे आणि आयुष्यभर मुंबईच्या गोदीत काम केलेले. निवृत्तीनंतरही वस्तू जमवण्याची त्यांची सवय सुटली नव्हती, पण ते संग्राहक नव्हते. संग्राहक वस्तू शोधत फिरतो. अण्णांकडे वस्तू येत असत, कुणी उसन्या पैशांच्या बदल्यात दिलेल्या, कुणी गावी जाताना ठेवून गेलेल्या, काही गोदीतल्या ओळखीतून आलेल्या. पोटमाळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत आणि दाराच्या वर ठोकलेल्या दोन खिळ्यांवर हा सगळा संसार मावला होता. जून महिन्यात अण्णांचे निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत खोली रिकामी करण्याची वेळ आली आणि आई, थोरला मुलगा, सून, धाकटा मुलगा व डोंबिवलीला दिलेली मुलगी असे सगळे मिळून ती ट्रंक उघडायला बसले.

घरात काय काय होते

ट्रंकेतील पुष्कळशा वस्तूंविषयी वाद होण्यासारखे काही नव्हते. सिगारेटच्या डब्यात जपलेली ट्रामची तिकिटे होती. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, त्यामुळे ती त्याआधीची असणार हे उघड होते. कापसाच्या गाठी ओढण्यासाठी गोदी कामगार वापरत तो लाकडी मुठीचा लोखंडी आकडा होता, आणि त्याची मूठ हातातल्या घामाने आणि तेलाने इतकी काळी गुळगुळीत झाली होती की अण्णांची पकड कुठे बसत असे ते बोट ठेवून दाखवता येत होते.

दुसरी वस्तू होती लोखंडी पत्र्याचा एक वेडावाकडा तुकडा. जाडी बोटाएवढी, एका कडेला रिवेटचे भोक, आणि एक बाजू कागद चुरगळावा तशी वळलेली. घरातील समजुतीप्रमाणे हा तुकडा १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटातला होता आणि अण्णांच्या वडिलांना तो माझगावात राहत्या जागेच्या छपरावर सापडला होता. त्या दिवशी फोर्ट स्टायकिन या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र होती. आग लागली आणि दोन मोठे स्फोट झाले. जहाजाचे तुकडे शहरात दूरवर उडाले, जहाजावरील सोन्याच्या विटाही विखुरल्या, आणि आग विझवताना मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तुकडा खरोखरच त्या जहाजाचा आहे हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग घरच्यांकडे नव्हता; मात्र तो साधा पत्रा आहे, दारूगोळ्याचा भाग नाही, एवढी खात्री पाहताक्षणी होत होती. ही खात्री नसती तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवणे हाच एक रस्ता उरला असता.

तिसरी वस्तू दाराच्या वर होती. ती करवत माशाची करवत, म्हणजे त्याचे लांब दातेरी तोंड, होती. लांबी साडेतीन फुटांच्या आसपास, रंग जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट, डाव्या कडेला एकोणीस दात आणि उजव्या कडेला वीस जागा, त्यांपैकी दोन रिकाम्या. करवत मासा दिसायला मुशीसारखा असला तरी तो पाकटाच्या कुळातला. त्याच्या लांब चपट्या तोंडाच्या कडांना असलेले दात हे खरे दात नसून खवल्यांचेच बदललेले रूप असते, आणि या तोंडावरील बारीक छिद्रांमधून तो गढूळ पाण्यातील भक्ष्याचे सूक्ष्म विद्युत संकेत टिपतो. शिकारीसाठी मिळालेले हे हत्यारच त्याला नडले, कारण कोणत्याही जाळ्यात ते अडकते आणि अडकले की सुटत नाही. एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावर सर्रास मिळणारा हा मासा आता क्वचितच दिसतो. कोळीवाड्यांतील जुन्या घरांत अशा करवती अजून आढळतात. या घरात ती १९७०च्या दशकात ससून डॉकवरील एका कोळी मित्राने उसन्या पैशांच्या बदल्यात दिली होती.

आईच्या लेखी ती शोभेची वस्तू नव्हती. दरवर्षी खंडेनवमीला गोदीचा आकडा आणि ही करवत पाटावर मांडून त्यांची शस्त्र म्हणून पूजा होत असे. करवतीच्या बुंध्याकडील भागावर हळदकुंकवाचे थर इतके चढले होते की तिथला मूळ रंग दिसत नव्हता.

चौथी वस्तू ट्रंकेत नव्हती, दारावरही नव्हती, आणि ती मोजायला हवी असे कोणाच्या मनातही आले नाही. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ लाल कापडावर चिकटवलेली, काचेच्या चौकटीत बसवलेली, जाळीदार काळसर फांदीसारखी ती वस्तू म्हणजे इंद्रजाल. काही वर्षांपूर्वी थोरल्या मुलाचा धंदा बसला तेव्हा वास्तूचा सल्ला देणाऱ्या कोणीतरी सुचवल्यावरून पूजासाहित्य विकणाऱ्याकडून ती आणली होती. विकणाऱ्याने ती डोंगरातली दुर्मीळ मुळी असल्याचे सांगितले होते.

अडचण कशी पुढे आली

नव्या सदनिकेत करवत नको, असे थोरल्याचे आणि सुनेचे मत होते. धाकट्याला ती विकली तर बरे पैसे येतील असे वाटत होते. त्याने तिचा फोटो चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि पुढच्या रविवारी तो फोटो घेऊन चोर बाजारात मटन स्ट्रीटवर गेला. तिथल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने फोटो पाहिला, मोबाइल उलटा करून परत दिला आणि म्हणाला, "हा माल आम्ही घेत नाही. तुम्हीसुद्धा दाखवत फिरू नका, आत जाल."

या प्रकरणात कायदा कुटुंबापर्यंत पोहोचला तो असा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा असला तरी करवत माशांचा समावेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, २००१ मध्ये झाला. म्हणजे अण्णांनी करवत घेतली तेव्हा त्यात बेकायदा काही नव्हते. पुढे २००३ मध्ये केंद्र सरकारने ज्यांच्याकडे अशा वस्तू आधीपासून आहेत त्यांना त्या जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची संधी दिली, परंतु दारावर टांगलेल्या माशाच्या तोंडाशी तिचा काही संबंध आहे हे चाळीतल्या निवृत्त गोदी कामगाराला कळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. मुदत संपली आणि करवत तिथेच राहिली. फरक एवढाच पडला की तोपर्यंत केवळ विचित्र असलेली ती वस्तू त्या दिवसापासून अडचणीची झाली.

वकिलांनी तीन गोष्टी समोर ठेवल्या. पहिली, या कायद्याच्या कलम ५७ नुसार अशी वस्तू एखाद्याच्या ताब्यात असल्याचे सिद्ध झाले की तो ताबा बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी ताबेदारावर येते. दुसरी, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, किमान दंड २५,००० रुपये आहे. तिसरी गोष्ट दिलासा देणारी होती. कलम ४० मध्ये वारसाहक्काने आलेल्या वस्तूंसाठी अपवाद आहे. वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यायचे असते. अण्णांच्या मृत्यूपासून मोजले तर त्यांपैकी बहुतेक दिवस सरले होते.

वकिलांनी या दिलाशालाही एक पुरवणी जोडली. ज्याच्याकडून वारसा आला त्याच्याचकडे मालकीचे प्रमाणपत्र, म्हणजे वस्तू कायदेशीरपणे बाळगत असल्याचा सरकारी दाखला, नव्हते. अशा वारसाला अपवादाचा पूर्ण लाभ मिळेलच असे कायद्याच्या शब्दांवरून ठामपणे म्हणता येत नाही.

प्रकरण इथवर आले असताना मुलीने सहज विचारले, "मग ते इंद्रजाल कसले आहे?" वकिलांनी चौकटीचा फोटो मागवला. बाजारात इंद्रजाल म्हणून विकले जाते ते बहुधा मूळ किंवा वनस्पती नसून काळे प्रवाळ किंवा सागरी पंखा या नावाने ओळखला जाणारा समुद्री जीव असतो. दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रवाळांना हे संरक्षण किती काटेकोरपणे मिळते याचे उदाहरण याच शहरात आहे : किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरील प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी घेऊन त्या दुसरीकडे न्याव्या लागल्या. शे-पाचशे रुपयांची ती चौकट करवतीपेक्षा अधिक अडचणीची ठरण्याचे कारण वेगळेच होते. ती वारशाने आलेली नव्हती. संरक्षण लागू झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी ती पैसे देऊन विकत घेतलेली होती, आणि पावती कुठेच नव्हती.

पर्यायांचा विचार

कुटुंबाची बैठक आईच्या खोलीतच झाली, आणि सुरुवातीला तरी ती दोन वस्तूंविषयी कमी व अण्णांविषयी अधिक होती. प्रत्यक्ष पर्याय पुढीलप्रमाणे चर्चिले गेले.

काहीही न करता करवत नव्या घरात नेणे, हा आईचा पर्याय. पन्नास वर्षे कोणी विचारले नाही, आता कोण विचारणार, हा तिचा प्रश्न रास्त होता. परंतु फोटो चाळीच्या गटावर गेलेला होता, शेजाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो पाहिलेला होता, आणि नव्या इमारतीत उद्वाहनाच्या कॅमेऱ्यापासून सुरक्षारक्षकापर्यंत नव्या नजरा होत्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्वद दिवसांची मुदत एकदा गेली की परत मिळणार नव्हती. गप्प राहिल्याने पर्याय खुला राहत नव्हता, तो बंद होत होता.

समुद्रात विसर्जन करावे, असे धाकट्याने सुचवले. समुद्रातून आलेली वस्तू समुद्राला परत, ही कल्पना ऐकायला चांगली वाटते आणि बैठकीत ती सर्वांना क्षणभर पटलीही. वकिलांनी मात्र स्पष्ट सांगितले की माहिती असताना वस्तू नाहीशी करणे म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा संशय ओढवून घेणे, आणि गटावरील फोटो तर विसर्जित होत नाही.

विक्रीचा पर्याय चोर बाजारातच संपला होता. एखाद्या संग्रहालयाला परस्पर देणगी द्यावी, असे मुलीला वाटत होते. तिचा आग्रह समजण्यासारखा होता : करवतीवरील दातांची संख्या आणि त्यांच्यातील अंतर यांवरून माशाची जात ओळखता येते, बुंध्याजवळ दात असणे किंवा नसणे हीदेखील खूण असते, आणि या करवतीवरील दात पार बुंध्यापर्यंत असल्याने तिचा अभ्यासासाठी उपयोग झाला असता. पण प्रमाणपत्र नसलेली वस्तू संग्रहालय स्वीकारू शकत नाही. दिली तर ती वनखात्यामार्फतच जाऊ शकते.

उरला तो घोषणापत्राचा पर्याय, आणि त्यातही दोन रस्ते होते. वारस म्हणून घोषणापत्र देऊन मालकीचे प्रमाणपत्र मागावे, की घोषणापत्राबरोबरच वस्तू सरकारजमा करण्याची तयारी कळवावी? २०२२च्या दुरुस्तीने कलम ४२क जोडले आणि स्वेच्छेने वस्तू सुपूर्द करण्याची तरतूद केली, मात्र ती प्रमाणपत्रधारकांसाठी आहे. या कुटुंबाला ती जशीच्या तशी लागू नव्हती. प्रमाणपत्र मागितले असते तर अण्णांनी २००३ मध्ये घोषणा का केली नाही या प्रश्नावर सगळी चौकशी फिरली असती. थोरल्याने दुसरा रस्ता निवडला. आईने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तिने फक्त विचारले की यंदाची खंडेनवमी होईपर्यंत थांबता येईल का. मुदत त्याआधी संपत होती.

इंद्रजालाविषयी मतभेद अधिक तीव्र झाले. करवत जाहीर करावी, पण चौकटीचे नावही काढू नये, ती तोडून कचऱ्यात टाकावी, कोणाला कळणार आहे, असे धाकट्याचे म्हणणे होते. त्यातील व्यवहारीपणा नाकारता येणार नाही. परंतु घोषणापत्रानंतर अधिकारी घरी येणार, जबाब घेणार, आणि घरातील अन्य वस्तूंविषयी विचारणार हे गृहीत धरायला हवे होते; तिथे खोटे बोलावे लागले असते आणि ते बोलण्याची वेळ बहुधा आईवर आली असती. चौकट प्रत्यक्षात सुनेने पैसे देऊन आणली होती. थोरल्याला आपले नाव पुढे करायचे होते. वकिलांनी त्याला नकार दिला आणि खरेदी जिने केली तिच्याच नावाने, मुळी समजून घेतल्याचे स्पष्ट नमूद करून निवेदन द्यावे असा आग्रह धरला. सुनेने तो मान्य केला. या प्रकरणातील सर्वांत अवघड होकार तो होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते, आईच्या मौनापेक्षाही.

केलेली कार्यवाही

पहिला प्रश्न कोणत्या कार्यालयात जायचे हाच होता. सागरी जीवांचे विषय महाराष्ट्रात वनखात्याचा कांदळवन कक्ष पाहतो, तर घोषणापत्र मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे असते आणि त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. धाकट्याने वनखात्याच्या १९२६ या मदतवाहिनीवर दूरध्वनी केला, कुटुंबाचे नाव न सांगता प्रक्रिया विचारली आणि संबंधित कार्यालयाची माहिती मिळवली. फोटो गटावर टाकणारा हाच मुलगा पुढे कागदपत्रांच्या मागे सर्वांत चिकाटीने लागला, हेही नोंदवायला हवे.

अर्जासोबत अण्णांचा मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, सर्व वारसांची संमती आणि करवत घरात कधीपासून आहे याचा पुरावा जोडायचा होता. शेवटचा कागद कुठून आणायचा हे कोणालाच सुचेना. अखेरीस तो मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये सापडला : १९९० च्या दशकातील एका फोटोत दारात उभ्या असलेल्या वऱ्हाडाच्या डोक्यावर करवतीचे टोक स्पष्ट दिसत होते, आणि फोटोच्या मागे स्टुडिओचा तारखेसह शिक्का होता. २००१ पूर्वीपासून वस्तू या घरात आहे हे त्या एका फोटोने दाखवले. चाळीतील दोन वृद्ध शेजाऱ्यांनी तशी प्रतिज्ञापत्रेही दिली.

वस्तू जाण्यापूर्वी तिची नोंद करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. करवत खाली उतरवून जमिनीवर पसरलेल्या खाकी कागदावर ठेवली, तिची बाह्यरेषा पेन्सिलीने काढली, प्रत्येक दाताची लांबी मोजून लिहिली, आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह घेतली. हळदकुंकू पुसावे का, असे सुनेने विचारले. ते न पुसण्याचे ठरले, कारण या करवतीच्या इतिहासाचा तोच एकमेव दृश्य पुरावा होता. त्याच बैठकीत आईकडून ससून डॉकवरील मित्राची, उसन्या पैशांची आणि खंडेनवमीची हकीकत ध्वनिमुद्रित करून घेतली. मित्राचे नाव तिला आठवले. किती पैसे होते ते आठवले नाही.

दोन्ही वस्तूंचा एकच अर्ज मुदतीच्या आत सादर झाला. काही दिवसांनी अधिकारी घरी आले, दोन पंचांसमोर पंचनामा झाला, वस्तू मोजून, कापडात गुंडाळून लाखेने सीलबंद केल्या गेल्या आणि ताबापावती देण्यात आली. सुनेचा आणि थोरल्याचा जबाब स्वतंत्रपणे घेतला गेला. इंद्रजाल विकणाऱ्याचे वर्णन आणि ठिकाण सुनेने आठवेल तेवढे सांगितले.

निष्पत्ती

करवतीबाबत कुटुंबावर हे लिहीपर्यंत कोणताही गुन्हा नोंदवलेला नाही. ती अभ्यासासाठी एखाद्या शासकीय संग्रहात पाठवावी अशी लेखी विनंती मुलीने केली आहे, तिच्यावर निर्णय व्हायचा आहे. चौकटीतील वस्तू ओळख पटवण्यासाठी तज्ज्ञांकडे पाठवण्यात आली असून ती काळे प्रवाळ आहे, सागरी पंखा आहे की प्लास्टिकची नक्कल आहे हे त्या अहवालावर ठरेल. नक्कल निघाली तर सगळेच हसतील, आणि तशी शक्यता आहे, कारण इंद्रजालाच्या बाजारात नकलाही खपतात.

लोखंडी पत्र्याच्या तुकड्याला कायद्याची अडचण नव्हती. पुरावस्तू ठरण्यासाठी सामान्यतः शंभर वर्षे लागतात आणि १९४४चा तुकडा त्यात बसत नाही. तो नव्या घरात गेला आहे. धाकट्याला तो घासून चकचकीत करायचा होता, परंतु गंज आणि जळाल्याचे डाग हीच त्याची साक्ष आहे हे पटल्यावर त्याने केवळ कोरड्या फडक्याने पुसून तो पेटीत ठेवला. सोबतच्या चिठ्ठीत "घरातील सांगण्याप्रमाणे" हे शब्द जाणीवपूर्वक घातले आहेत.

खंडेनवमीला पाटावर एकटा आकडा मांडला गेला. खाकी कागदावरील रेषेवरून प्लायवूडची करवत कापून देतो, असे चाळीतल्या सुतारकाम करणाऱ्या शेजाऱ्याने सांगितले होते. आईने ते मोडीत काढले. "खोट्याची पूजा कशाला," असे म्हणून तिने विषय संपवला, आणि कागद मात्र स्वतःच्या कपाटात घालून घेतला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, अण्णा हयात असताना बोलणे. त्यांची शेवटची दोन वर्षे घरातच गेली आणि बोलण्याची त्यांना आवड होती. ट्रंकेतील प्रत्येक वस्तूमागची हकीकत त्यांनी आनंदाने सांगितली असती. पत्र्याचा तुकडा नेमका कोणत्या छपरावर पडला, हा प्रश्न विचारायला आता कोणी उरलेले नाही. खोली रिकामी करायची असल्याचे तर कित्येक महिने आधी माहीत होते, आणि त्या काळात भांड्यांची आणि भाड्याच्या पावत्यांची यादी झाली होती.

फोटो गटावर टाकणे टाळता आले असते, हे उघड आहे. मात्र तो टाकला गेला नसता तर धाकटा चोर बाजारात कदाचित गेला नसता आणि मुदत निघून गेल्यावरच सगळे कळले असते, ही दुसरी बाजूही आहे. अधिक योग्य क्रम असा झाला असता : प्राण्याचे शिंग, दात, कातडे, कवच, शंख, प्रवाळ किंवा हाड असे काहीही घरात सापडले की आधी वकील, मग नोंद, आणि त्यानंतरच इतरांना दाखवणे. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना कायद्याने सूट दिलेली आहे, आणि त्यामुळे पुष्कळांना बाकीच्या वस्तूंनाही ती असेल असे वाटते. तो समज या घरातही होता.

पूजासाहित्य म्हणून मिळणाऱ्या वस्तूंकडे कोणीच संशयाने पाहिले नाही, ही चूक मात्र या कुटुंबापुरती मर्यादित नाही. हाताजोडी या नावाने जी मुळी विकतात ती पुष्कळदा घोरपडीचा अवयव असते. शेकडो घरांच्या तिजोऱ्यांत ती शेंदूर लावून ठेवलेली आहे आणि तिजोरीच्या मालकाला त्यात वावगे काही वाटत नाही.

उरतो तो अर्जाचा मुद्दा, आणि त्यावर वकिलांचे आणि प्रस्तुत लेखकाचे मत जुळलेले नाही. दोन वस्तूंचा एकत्र अर्ज दिल्याने करवतीची सरळ बाब इंद्रजालाच्या गुंतागुंतीच्या बाबीशी बांधली गेली. आता प्रवाळाचा अहवाल येईपर्यंत करवतीच्या फाइलवरही निर्णय होत नाही, आणि मुलीची संग्रहालयाची विनंती त्यात अडकली आहे. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, पण दोन स्वतंत्र अर्ज दिले असते तर लपवाछपवीचा आरोपही आला नसता आणि वारशाचे प्रकरण खरेदीच्या प्रकरणापासून वेगळे राहिले असते. वकिलांचे म्हणणे असे की एकाच अर्जामुळे कुटुंबाचा प्रामाणिकपणा एका दृष्टिक्षेपात दिसला, सुनेचा जबाब त्यामुळेच सौम्यपणे घेतला गेला, आणि करवतीला थोडा उशीर झाला तरी ती आता कोणाच्या दारावर नाही, सरकारी गोदामात आहे. तिला घाई नाही.